कोणता तांदूळ?

ईरा आणि ओम, मे महिन्यात तुम्ही सिंदेवाहीला माझ्याकडे याल, तेव्हा पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडून एक गृहस्थ तुमच्या ब्रशकडे रोखून बघतील. घाबरू नका. ते आपले शेजारी दौलतभाऊ. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कागदात गुंडाळलेला तांदळाचा एक दाणा असतो. तो ते तुमच्या टूथपेस्टशेजारी धरतील आणि निकाल देतील. अपील नाही.

दौलतभाऊंची सगळी नोकरी इथल्या भाताच्या केंद्रावर गेली. संशोधन साहेब लोक करायचे, दौलतभाऊ दाण्यांची लांबी-रुंदी मोजायचे. निवृत्त झाल्यावर जगात मोजण्यासारखं काही उरलं नाही, आणि नेमकी तेव्हाच आमच्या अंगणवाडीत दातांची डॉक्टर आली.

नागपूरची तरुण मुलगी. तिने सरळ सांगितलं, की तीन वर्षांखालच्या मुलाच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट घ्या, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि नळी मोठ्यांच्या हातात ठेवा. लहान मुलं थुंकत नाहीत, गिळतात. फ्लोराइड दाताला थोडं हवंच, पण फार पोटात गेलं तर आत तयार होत असलेल्या पक्क्या दातांवर डाग पडतात. आपल्याकडे काही गावांच्या पाण्यात ते आधीच जास्त आहे, म्हणून अधिक जपायचं.

सगळ्या आयांनी माना डोलावल्या. दौलतभाऊ उभे राहिले.

"मॅडम, कोणता तांदूळ?"

कोणताही चालेल, असं ती बिचारी म्हणाली.

"कोणताबी तांदूळ म्हनजे कोणत्याबी बसमधी बसा, गाव येतेच, असं झालं."

ती हसली. दौलतभाऊ हसले नाहीत. जाड आणि बारीक दाण्यात केवढा फरक असतो, हे त्यांनी तिला तिची गाडी सुटेपर्यंत समजावलं. मग बरेच दिवस विचार करून मध्यम दाणा मुक्रर केला. दाणा कच्चा धरायचा की शिजवलेला, असं एकाने विचारलं, तर त्याच्याशी बोलणंच सोडलं.

त्यानंतर आमच्या गल्लीत दात घासणं ही सरकारी तपासणी झाली. दौलतभाऊंची चाहूल लागली की आया मुलांना घेऊन पाठमोऱ्या व्हायच्या. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट पसरलेली असते. ती टीव्हीवर दिसली, की दौलतभाऊ टीव्हीला रागवत. एकदा रहीमभाईंच्या दुकानात जाऊन त्यांनी स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट मागे ठेवायला लावली. हे मंजन आहे का मिठाई, असा त्यांचा सवाल होता. रहीमभाई शांतपणे म्हणाले, "दौलतभाऊ, दुकान चलने दो. तुमचा तांदूळ इकून माझं घर नाई चालत."

घरी मात्र पाठमोरं होण्याची सोय नव्हती. मुलगा राजुऱ्याच्या कोळसा खाणीत, रविवारी येणार. घरात सून अश्विनी आणि अडीच वर्षांची नात परी. रोज सकाळी अश्विनी ब्रशवर पेस्ट लावायची, दौलतभाऊ ब्रश उजेडात धरायचे आणि जास्तीची पेस्ट नखाने काढून पुन्हा नळीत भरायचा प्रयत्न करायचे. ती नळीत परत जात नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. तोवर परी किंचाळून पळालेली असायची.

"मामाजी, मी दात घासून राह्यली का सोनं तोलून राह्यली?" अश्विनी विचारायची. हे आमच्या स्वयंपाकघरात रोज ऐकू यायचं, चहाबरोबर.

मग मुलाला राजुऱ्याला क्वार्टर मिळालं. पेस्टवरून घर मोडलं, असं गल्लीने ठरवलं. ते खोटं. क्वार्टर मिळणारच होतं, पेस्टने फक्त मुहूर्त काढून दिला. सामान गाडीत चढवताना अश्विनी म्हणाली, "परीचे दात आता मी पाहीन, मामाजी." दौलतभाऊ हो म्हणाले. काही मोजायचं सुचलं नाही त्यांना.

त्यानंतर ते सकाळी बाहेर दिसेनात. मुलं हवी तेवढी नळी पिळायला मोकळी झाली. आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि चार दिवसांनी त्याच मला विचारू लागल्या, की भाऊची तब्येत बरी आहे ना?

एका सकाळी अश्विनीचा माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. दौलतभाऊंकडे साधा बटणांचा फोन आहे. पडद्यावर परी, ओठ घट्ट मिटलेले, डोळे रडून लाल. अश्विनीचा आवाज थकलेला.

"काकू, मामाजीले बोलवा न. तोंडच नाई उघडून राह्यली. कोणाचंच ऐकत नाई."

मी हाक मारली. ते आले. आता भाषण होणार, म्हणून मी फोन खुर्चीला टेकवायला निघाले होते. पण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, अवघडून, आणि फोनसमोर स्वतःचं तोंड मोठं उघडलं.

इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांचे दात पाहिले नव्हते. बोलताना त्यांचे ओठ जेमतेम हलतात, हसताना खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर असतो. तंबाखू असेल, असं मी धरून चालले होते. तंबाखू नव्हता. दातादातावर तपकिरी पट्टे, कडा झिजून तुटलेल्या. ते ज्या गावात वाढले, तिथल्या साऱ्या मुलांनी, त्या डॉक्टरने सांगितलं होतं तसल्या, एकाच विहिरीचं पाणी प्यायलं होतं.

परी पडद्याजवळ सरकली.

"आबाचे दात घान."

अश्विनीने तिला दटावलं.

"घानच आहेत माय," दौलतभाऊ म्हणाले. "तुये नाई होऊ द्यायचे आपन."

परीने तोंड उघडलं. पेस्ट किती घेतली, ते त्यांनी विचारलं नाही. तिचे दात घासून होईपर्यंत ते आमच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तोंड उघडं ठेवून उभे होते.