शिऱ्याला तोंड न लावण्याची कला

एका जंगलात, बालमित्रांनो, जवळजवळ सगळ्यांची पोटं भरलेली होती. त्यामुळे तिथे एक सांस्कृतिक मंडळ होतं.

मंडळाचे अध्यक्ष होते अण्णासाहेब गवे. रानगवा केवढा असतो हे तुम्हाला ठाऊक असेल. अण्णासाहेब त्याहून मोठे होते आणि त्यांची भाषणं अण्णासाहेबांहून मोठी होती. ओढ्याकाठच्या सपाट जागेवर त्यांनी मंडळासाठी नाट्यगृह उभारलं होतं. पूर्वी त्या जागी कोल्हे खेकडे धरून खात. नाट्यगृह झालं, खेकडे गेले आणि कोल्हे ओढ्यापलीकडच्या खडकाळ माळावर राहायला गेले. याबद्दल कुणी विचारलं की अण्णासाहेब म्हणत, कलेसाठी प्रत्येकाने थोडा त्याग करायला हवा. त्याग कुणी करायचा हे मंडळाच्या बैठकीत ठरे. बैठकीला कोल्हे नसत.

यंदा मंडळाने मुलांचं संगीत नाटक करायचं ठरवलं. दिग्दर्शक म्हणून वानरे सरांना बोलावलं. वानरे सर हे माकड पूर्वी सर्कशीत होतं आणि ती सर्कस विलायतेला जाऊन आली होती. सरांनी विलायत पाहिली ती पिंजऱ्याच्या गजांमधून, पण पाहिली होती. एवढं त्या जंगलात पुरत असे.

सर म्हणाले, आपण राणीच्या काळातलं नाटक करू. राणी म्हणजे विलायतेची, जुनी. तिच्या काळात जिकडेतिकडे धूर होता, डोक्यावर उंच टोप्या होत्या आणि गरिबी फार देखणी होती. सगळ्यांना ते पटलं. त्याच राणीच्या साहेबांनी या जंगलातले साग तोडून नेले होते आणि अण्णासाहेबांच्या पणजोबांची शिंगं दिवाणखान्याच्या भिंतीवर ठोकली होती. पण ते जुनं झालं. आता फक्त टोप्या आठवत होत्या.

नाटकाचं नाव होतं ‘धुराड्यातलं लेकरू’. गोष्ट अशी की एक अनाथ, उपाशी पोर धुराडी साफ करत असतं. एकदा ते धुराड्यातून घसरतं आणि एका श्रीमंत घराच्या स्वयंपाकघरात उतरतं. समोर ताट वाढलेलं असतं. पोर ताटाकडे पाहून रडतं, गाणं म्हणतं, पण ताटाला तोंड लावत नाही. मालकीणबाई ते दाराआडून पाहतात आणि त्याच्या प्रामाणिकपणावर खूश होऊन त्याला दत्तक घेतात. मग सगळे मिळून नाचतात.

या कामासाठी मुलांची ऑडिशन घ्यायचं ठरलं. ऑडिशन त्या जंगलात नवी होती. पूर्वी अध्यक्षांच्या मुलाला नायकाचं काम मिळे. आता अध्यक्षांच्या मुलाला ऑडिशन घेऊन नायकाचं काम मिळणार होतं.

ठरलेल्या सकाळी नाट्यगृहापुढे आयांची गर्दी झाली. अस्वलबाईंनी आधीच उपासमारीचं शिबिर घेतलं होतं. त्यात मुलांना पोट आत ओढणं, ओठ थरथरवणं आणि भिंत धरून चालणं शिकवलं होतं, मधल्या सुट्टीत मध आणि मोहाची फुलं होती. राणीच्या काळात लोक आधी खोकत आणि मग बोलत, असं वानरे सरांनी सांगितल्यामुळे सगळी पोरं खोकत होती. गालांना जळक्या खोडाची काजळी फासलेली होती. एक सशीण पोराला शेवटचं सांगत होती, “खांदे पाड. अजून पाड. काल घरी किती छान उपाशी दिसत होतास, आणि आत्ताच कसा विसरलास?”

या गर्दीत ओढ्यापलीकडची एक कोल्ह्याची पोर आली. तिचं नाव भुरी. तिच्या आईने, सारजा कोल्हिणीने, तिला चाटूनपुसून पाठवलं होतं. सारजाला ना राणी ठाऊक होती ना धुराडं. तिच्या कानावर एवढंच आलं होतं की निवडलेल्या मुलांना तालमीला रोज दुपारचं जेवण आहे. तिने भुरीला सांगितलं होतं, गाणं येईल तसं म्हण. बाकी तिथली मंडळी शिकलेली आहेत, भूक बघितली की ओळखतील.

रंगमंचावर ताट मांडलं होतं. विलायतेत केक खातात, असं सर म्हणाले होते. केक कुणी पाहिला नव्हता, म्हणून अस्वलबाईंनी शिरा करून तो उंच थापला होता आणि वर चारोळ्या लावल्या होत्या.

एकेक पोर येई. खोके, वाके, गाई आणि शिऱ्याकडे बघून हुंदके देई. शिऱ्याला कुणी तोंड लावलं नाही, कारण सगळी जेवून आली होती. अण्णासाहेबांचा यशोवर्धन आला तेव्हा फळ्या करकरल्या. त्याने गाताना एक ढेकर दिली. परीक्षकांनी ती भुकेची ढेकर धरली.

शेवटी भुरी आली. ती खोकली नाही. गाणं सुरात म्हणाली. पहिलं कडवं संपलं तेव्हा तिचं नाक हललं. ती ताटापाशी गेली आणि तिने शिरा खाल्ला. चारोळ्या खाल्ल्या. ताट चाटलं. मग जागेवर येऊन दुसरं कडवं म्हटलं, आणि ते पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगलं झालं.

परीक्षकांनी रिकामं ताट उलटसुलट करून पाहिलं.

“हे काय केलंस तू?” वानरे सरांनी विचारलं.

“खाल्लं.”

“पण का?”

भुरीला प्रश्न कळेना. तिने इकडेतिकडे पाहिलं. “भूक लागली होती,” ती म्हणाली.

सर परीक्षकांकडे वळून म्हणाले, या मुलीला भूमिकाच समजलेली नाही. अस्वलबाई म्हणाल्या, हिच्या डोळ्यांत एक थेंब नव्हता, होतं ते सगळं तोंडाला सुटलेलं पाणी. अण्णासाहेबांनी समजुतीच्या आवाजात सांगितलं की गरिबाच्या पोरानेच ताट संपवलं तर मालकीणबाईंनी दत्तक कुणाला घ्यायचं? ‘अभिनय अस्वाभाविक’ असा शेरा मारून भुरीला परत पाठवलं, आणि नायकाचं काम यशोवर्धनला मिळालं.

तालमी सुरू झाल्या. यशोवर्धन वाईट मुलगा नव्हता. पण ताटापुढे उभा राहिला की तो उपाशी पोरासारखा न दिसता लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखा दिसे. तेव्हा वानरे सरांना युक्ती सुचली. त्यांनी ओढ्यापलीकडून भुरीला बोलावून घेतलं. तिला भूक-मार्गदर्शक असं पद दिलं आणि रंगमंचाच्या कडेला दगडावर बसवलं. यशोवर्धनने तिच्याकडे बघून शिकायचं.

दुपारी सगळी मुलं जेवायला बसत. भुरी दगडावरच असे. एकदा यशोवर्धनने आपलं पान तिच्याकडे सरकवलं. अस्वलबाईंनी ते मायेने परत ओढलं. “बाळ, तिला खाऊ घालू नकोस,” त्या म्हणाल्या. “मग तू कुणाकडे बघून शिकणार?”

पोर रोज जाते आणि रोज जास्त वाळून परत येते, हे सारजाने पाहिलं. ती ओढा ओलांडून थेट अण्णासाहेबांपुढे उभी राहिली.

“दिवसभर पोरगी तुमच्याकडे असते, अण्णासाहेब. जेवायला घाला की तिला.”

“जेवण कलाकारांना असतं, सारजा. भुरी मार्गदर्शक आहे. तिचा मान मोठा आहे.”

“मान तुमच्याकडे ठेवा. तिला कलाकार करा.”

एरवी तिला हाकलूनच दिलं असतं. पण नेमकं त्याच सकाळी यशोवर्धन धुराड्यात अडकला होता. धुराडं म्हणजे पोकळ सावरीचं खोड. त्यातून त्याला बाहेर काढायला रानडुकरांची टोळी लागली. नायक बारीक हवा, हे उघड झालं होतं. अण्णासाहेबांनी पुष्कळ विचार केला. मग यशोवर्धनसाठी राणीच्या पुतण्याची नवी भूमिका लिहिली गेली. हा पुतण्या शेवटी येतो आणि सगळ्यांना बक्षिसं देतो. भुरीची पुन्हा ऑडिशन घ्यावी, असं ठरलं. अट एकच. ताटाला तोंड लावायचं नाही.

त्या संध्याकाळी सारजाने माळावर एक चपटा दगड मांडला आणि भुरीला त्याच्यापुढे उभं केलं. आजवर तिने पोरीला भक्ष्य कसं धरायचं ते शिकवलं होतं. आता ते कसं सोडायचं ते शिकवत होती.

“वास आला की श्वास धर,” ती म्हणाली. “छाती दुखेपर्यंत धर. मग डोळ्यांतून पाणी येतं. त्यांना तेवढंच पाहिजे.”

दुसऱ्या ऑडिशनला भुरी शिऱ्यापुढे उभी राहिली. वास आला. तिने श्वास धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ओठ थरथरले, पाय लटपटले आणि शिरा जसाच्या तसा राहिला. अस्वलबाईंनी डोळे टिपले. वानरे सर म्हणाले, बघा, योग्य मार्गदर्शन मिळालं की कुणीही सुधारू शकतं.

भुरीला नायकाचं काम मिळालं आणि दुपारचं जेवण मिळू लागलं. ती भरली. अंगावर चकाकी आली. जेवायला लागल्यापासून तिची भूक रंगमंचावर फारच खुलून दिसू लागली, असं सगळे म्हणत. उरलेलं अन्न घरी न्यायची मात्र मनाई होती, कारण त्याने बाहेरच्यांना सवय लागते. पुढचे पुष्कळ प्रयोग ठरले होते. प्रयोग आहेत तोवर जेवण आहे, असं सरांनी तिला समजावलं होतं. काम बिघडवलं तर दोन्ही बंद, हेही समजावलं होतं.

पहिल्या प्रयोगाला सगळं जंगल लोटलं. पळसाच्या पानांच्या उंच टोप्या घालून प्रेक्षक खोकत खोकत आत शिरले. शेवटी सारजा आली. दारावर साळिंदर होतं. त्याने टोपी विचारली. सारजाने वाटेतलं एक पान उचलून डोक्यावर ठेवलं. साळिंदर जरा ओशाळलं. “टोपीचं जाऊ दे, मावशी,” ते म्हणालं. “पण तुझं पोट वाजतंय. हळव्या गाण्याला आवाज झालेला सरांना चालत नाही.”

आणि त्याने दार लावून घेतलं.

आता मुलांनो, कोल्ह्यांची एक रीत सांगायची राहिली. कोल्ह्यांत एकाने साद घातली की दुसऱ्याने ओ द्यायची. आईने साद घातली की पिल्लाने कुठूनही, कसंही, ओ द्यायचीच. ओ आली नाही तर पिल्लू हरवलं किंवा मेलं असं समजतात.

आत भुरी धुराड्यातून उतरली होती. समोर ताट होतं. पहिलं कडवं झालं होतं. तेवढ्यात बाहेरून सारजाची साद आली.

भुरीचे कान ताठ झाले. घशाशी ओ येऊन थांबली. पण नाटकातल्या राणीच्या शहरात कोल्हे नव्हते. तिने विंगेत पाहिलं. वानरे सर मान हलवून नको म्हणत होते. त्यांच्या मागे, मुलांच्या जेवणाची पानं मांडून ठेवलेली दिसत होती.

तिने श्वास धरला.

बाहेरून पुन्हा साद आली. या वेळी लांबट, विचारल्यासारखी. भुरीने दुसरं कडवं सुरू केलं आणि तिला शब्द फुटेना. ती ताटापुढे बसली आणि रडू लागली. गाणं राहिलं, खोकणं राहिलं. ती नुसती रडत होती. तिसऱ्यांदा साद आली नाही.

प्रेक्षक हमसून हमसून रडले. टोप्या भिजून वाकल्या. राणीच्या पुतण्याने सगळ्यांना बक्षिसं दिली. अण्णासाहेबांनी भरल्या गळ्याने भाषण केलं की भुकेल्यांना आपण कधीही विसरता कामा नये. मग मंडळाने तिथेच बैठक घेऊन त्या काळच्या विलायतेतल्या उपाशी मुलांबद्दल उभं राहून हळहळीचा ठराव केला. बाहेरच्या कोलाहलाने ऐन गाण्याचा रसभंग झाला म्हणून नाट्यगृहाभोवती काटेरी कुंपण घालण्याचा दुसरा ठरावही त्याच बैठकीत झाला.

पडद्यामागे वानरे सरांनी भुरीच्या पाठीवर थाप मारली. “काम चांगलं झालं,” ते म्हणाले. “फक्त दुसऱ्या कडव्याचं रडणं कमी कर. खरं वाटत नव्हतं.”

भुरी मान डोलावून पानावर जाऊन बसली.

ओढ्यापलीकडे सारजा एकटी परतली. माळावरच्या कोल्ह्यांनी तिची साद ऐकली होती आणि ओ आली नाही हेही ऐकलं होतं. ते बाजूला सरून तिला वाट देत होते. एका म्हाताऱ्या कोल्हिणीने शेवटी विचारलं, पोरीचं काय झालं गं?

“जेवतेय,” सारजा म्हणाली.

तात्पर्य : बालमित्रांनो, खरोखर भूक लागलेल्याने ती लागल्या लागल्या कुणाला सांगू नये. आधी कुठेतरी पोटभर जेवून घ्यावं आणि मग सांगावं. लोक फार मन लावून ऐकतात.