कळमन्याला गेलेली चाळणी

"साहेब, चाळणीच आणायची ना? काय द्रोणागिरी उचलायचाय? जेवणाच्या सुट्टीआधी हजर करतो!"

असं छातीठोक सांगणारा कृष्णकांत कामठीपलीकडच्या कोळशाच्या कारखान्यात स्टोअरबाबू होता. तिथे मोटारीनं थडथडणाऱ्या भल्यामोठ्या चाळणीवर कोळसा पडायचा. चुरा भोकांतून खाली जायचा आणि ढेकळं पुढे वॅगनीत. जुनी जाळी झिजून गेली होती. नवी कलकत्त्याहून येऊन नागपूरच्या ट्रान्सपोर्ट गोदामात पडली होती. संध्याकाळी मोठे साहेब येणार होते. त्याआधी वॅगनी भरल्या नाहीत, तर कृष्णकांतनं दुसरी नोकरी पाहावी, असं इंजिनियर आनंदराव स्वच्छ बोलले होते.

गोदामात गोणपाटात शिवलेल्या, एकाच मापाच्या दोन जाळ्या उभ्या! चिठ्ठ्या उंदरांनी खाल्लेल्या.

"एक तुमची हाय, एक कळमन्याच्या ताराचंद शेठची," हमाल रुपराव म्हणाला. "कोनती कोनाची, थे मले नाही माहीत गा."

कृष्णकांतनं दोन्ही उचलून पाहिल्या आणि हलकी घेतली. "आजकालचा माल हलकाच येतो!"

फिटर धोंडबानं जाळी बसवली. मग डोकं खाजवत म्हणाला, "बाबूजी, भोकं लहान दिसून राहिले."

"कोळसा घासला की होतात मोठी!"

"हां, चपलेवानी," धोंडबाला पटलं.

मोटार सुरू झाली. ओल्या कोळशानं भोकं बुजली आणि चुऱ्यासकट सगळा माल धडाधड वॅगनीत जाऊ लागला!

"कृष्णकांत, चुरा कुठे गेला?" आनंदराव ओरडले.

"आज कोळसाच उत्तम आलाय, साहेब!"

तेवढ्यात जाळी म्हशीच्या पोटासारखी फुगली आणि टर्रकन फाटली. आता सगळाच्या सगळा कोळसा चुऱ्याच्या टाकीत!

"आता ढेकळं कुठे गेली?"

कृष्णकांतला एकदम गोदामातली दुसरी, जड जाळी आठवली. तो जीपकडे धावत सुटला होता.

कळमन्याला ताराचंद शेठच्या धान्याच्या आडतीवर आनंदीआनंद होता. पलीकडे तीच जड जाळी बसवलेली चाळणी थडथडत होती. शेठ नाकात तपकीर भरत म्हणाले, "तुमची जाळी? वापस नाही देनार! मघापासून गहू चाळून राहिलो, एक खडा वर अटकला नाही. इतका साफ गहू मी जिंदगीत नाही पाह्यला!"

"अन् काम कसं झटझट होऊन राहिलं!" गहू ओतणारी रंभाबाई म्हणाली.

"शेठ, ही कोळशाची जाळी आहे! भोकं पाहा, उंदीर जाईल यातून!"

"अजी, तुमचं जळून राहिलं!" शेठनी हात झटकला. हातातली तपकिरीची डबी उडाली, चाळणीवर पडली, दोनदा नाचली आणि सरळ भोकातून खालच्या गव्हात!

रंभाबाईनं पदर तोंडाला लावला.

"जाळी घेऊन जा," शेठ हळूच म्हणाले. "अन् माझी?"

"ती... मधून जरा मोकळी झाली. कारखाना नवी देईल."

"ठीक हाय. तुम्ही बाजारात बोलू नका, मी तुमच्या साहेबाजवळ नाही बोलत." शेठनी हमालाला खूण केली आणि समोरच्या ढिगातल्या गव्हाचं अर्धं पोतं जीपमध्ये टाकायला लावलं. "वहिनीले आमच्याकडून!"

जाळी बसली. चुरा खाली गेला, ढेकळं पुढे गेली, मोठे साहेब आले तेव्हा वॅगनी भरलेल्या होत्या. नोकरी वाचली! कृष्णकांत विजयी वीरासारखा पोतं खांद्यावर घेऊन घरात शिरला. "कौसल्या, आडत्यानं खुशीनं दिलाय! लोक मानतात मला!"

कौसल्येनं गहू परातीत ओतला. खडखडखड! खडे, माती, बाभळीचा एक काटा आणि मधूनच थोडा गहू.

"अहो, हा गहू कोणी चाळला?"

कृष्णकांतनं परातीकडे पाहिलं, कौसल्येकडे पाहिलं.

"आमच्याच कारखान्यानं," तो म्हणाला आणि मांडी घालून खडे वेचायला बसला.