दत्तूतात्यांच्या मोडक्या गाड्या

आपण केलेलं खेळणं दोन दिवस टिकलं, तर दत्तूतात्यांना राग यायचा.

गोरेगाव नावाच्या खेड्यातल्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा तात्या आमचे समोरचे शेजारी होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. थोरला मुलगा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी राहायचा, धाकटा पुण्याला कारखान्यात. आखाड्यावरून सुनेनं पाठवलेली भाकरी खायची आणि पायरीवर बसून ज्वारीच्या धाटांची खेळणी करायची, एवढंच काम तात्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. धाट सोलायचं, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे करायचे आणि सालीच्या काड्या टोचून ते जोडायचे. काडीचं प्रत्येक टोक आधी पायरीवर घासून बोथट व्हायचं, कारण गिऱ्हाईक एकच होतं, माझी दीड वर्षांची चिमी.

सकाळी दिलेल्या बैलगाडीचं दुपारपर्यंत चाक एकीकडे आणि बैलाचं शिंग चिमीच्या तोंडात. मग ती उरलेली गाडी मुठीत धरून, झोकांड्या खात रस्ता ओलांडायची आणि "तात्या, मोललं" म्हणून उभी राहायची. तात्यांचा चेहरा खुलायचा. लगेच पंचनामा सुरू. बैल बुजला होता का? रस्ता खराब होता का? का गाडीवानाचा डोळा लागला? चिमी सगळ्यालाच मान डोलवायची. शेवटी दोष बैलावर जायचा आणि दुरुस्तीला दोघं मांडी घालून बसायची.

मला मेलीला मास्तरकीची खोड. एकदा डिंकाची बाटली घेऊन गेले आणि म्हटलं, तात्या, जरा पक्कं चिकटवा की. तात्यांनी बाटलीचा वास घेतला आणि परत माझ्या हातात दिली.

"बाई, तुमी शाळंत शिकवा. इथं काहून तकलीफ करून राहिल्या?"

पुढं आमच्या ह्यांनी नांदेडहून सेलवर चालणारी लाल मोटार आणली. तात्या त्या दिवशी ह्यांच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र दारात येऊन, आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारून गेले, अजून चालूनच राहिली का म्हणून. सेल संपले त्या दिवशी ते स्वतःहून आले आणि मोटारीला धाटाची बैलजोडी जुंपून गेले. चिमीनं बैल दोरीनं ओढले, मागून मोटार आली. तात्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं ते मी पुन्हा कुणाच्या पाहिलं नाही.

एकदा शाळा लवकर सुटली. येताना पाहते तर तात्यांनी गाडी दुरुस्त करून संपवली होती आणि चिमी कोंबडीमागं लागली होती. तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं, जुवाची काडी हळूच अर्धी बाहेर ओढली आणि मग गाडी चिमीला दिली. तेवढ्यात मी दिसले. तात्या कडब्याच्या गंजीकडं बघत बसले. घरी येऊन ह्यांना सांगताना आधी खूप हसू आलं, मग उमगलं. गाडी पक्की असती तर चिमी दिवसभर आमच्याच अंगणात खेळली असती. तात्यांच्या पायरीवर कोण गेलं असतं?

आणि माझी बदली झाली, कळमनुरीच्या पलीकडं. तात्यांना सांगितलं तर "बराबर हाय, नोकरी हाय" एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप घालून आखाड्यावर निघून गेले. चिमी मोडका बैल घेऊन कुलपासमोर उभी राहायची आणि मी तिला उचलून आणायची. मला त्यांचा रागच आला. म्हाताऱ्या माणसानं लेकरावर असं रुसावं?

सामान टेम्पोत चढलं आणि तात्या आले. अंगठ्याला चिंधी बांधलेली. हातात बाभळीच्या लाकडाची गाडी, खिळे मारलेली, चाकांना तेल लावलेली. लाकडाची सवय नसलेल्या हातानं केलेली, एका अंगाला थोडी कललेली.

"ही न्हाई मोडायची, बाई," ते म्हणाले. "तिथं नीट कराया कोन हाय?"

चिमीनं गाडी घेतली आणि रिवाजाप्रमाणं दाणकन आपटली. गाडीला काही झालं नाही. तिनं उलटीसुलटी करून पाहिली, पुन्हा आपटली. मग ती अख्खी गाडी पोटाशी धरून तात्यांच्या धोतराला जाऊन चिकटली.

"तात्या, मोललं."

तात्यांनी गाडी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली.

"व्हय गं माय. लईच मोडलं."

आणि ते पायरीवर मांडी घालून बसले. चिमी शेजारी बसली. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा मी त्याला म्हटलं, दादा, कोपऱ्यावर चहा घेऊन या, गाडी दुरुस्त व्हायला वेळ लागेल.