मावशीने दाबलेलं बटण

"एकच नियम आहे, मावशी. तू साइट वापरायची आणि मी तोंड उघडायचं नाही."

"अजिबात नाही?"

"एक शब्दही नाही. तू कुठे अडलीस, तर चूक माझी."

असा नियम या घरात आधीच का नव्हता, असं मावशीच्या मनात आलं. पण तिने ते बोलून दाखवलं नाही, ती खुर्ची पुढे ओढून संगणकासमोर बसली.

भाचा वेबसाइटी बनवायचा. सध्या त्याच्या हातात भाड्याची खोली आणि सोबत राहायला माणूस शोधून देणारी साइट होती, आणि ती सोमवारी सगळ्यांसाठी खुली व्हायची होती. वापरायला सोपी असं प्रत्येकच साइटवाला म्हणतो. मावशी मात्र टीव्हीचा रिमोटसुद्धा कुणाच्या तरी हातात देऊन मोकळी व्हायची. तिला जमलं तर जगाला जमेल, असा त्याचा हिशेब. सोपेपणाच्या नादात त्याने पानावरची नऊ बटणं काढून टाकली होती आणि एकच ठेवलं होतं : 'खोली बघायला येते/येतो'. त्याचा त्याला केवढा अभिमान होता.

आधी प्रश्न होते. मावशी एकेक मोठ्याने वाचत होती. "सकाळी किती वाजता उठता? साडेपाच. तुम्हाला शांतता आवडते की गप्पा?" इथे ती थांबली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हे कोण विचारतंय रे?"

भाचा नियमाप्रमाणे गप्प.

"कोणी का असेना, बरं विचारतंय," असं म्हणून तिने 'गप्पा' निवडलं. पुढचा प्रश्न होता : 'रागावल्यावर तुम्ही बोलता की गप्प बसता?' मावशीने एकदा भाच्याकडे पाहिलं आणि खालच्या चौकटीत ती बराच वेळ टाइप करत राहिली. तिचं एक बोट अक्षर शोधायचं आणि दुसरं दाबायचं.

मग घरांचे फोटो आले आणि मावशी रंगात आली. दुसऱ्यांची स्वयंपाकघरं बघायची तिला भारी हौस. "ही शेगडी खिडकीखाली का ठेवलीय? जाऊन बघायला पाहिजे," म्हणाली आणि बटण दाबलं. "हे कपाट कुठे उघडत असेल?" पुन्हा दाबलं. असं पाच वेळा. भाचा मागे घड्याळ लावून बसला होता. अकरा मिनिटांत पाच घरं, तीही एकदाही न अडता. तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता.

साइट अजून बंद आहे अशी त्याची समजूत होती. पण निरोप पाठवायची सोय त्यानेच सकाळी सुरू करून ठेवली होती, सोमवारी घाई नको म्हणून. दुपारी पाच घरमालकांची उत्तरं आली. पाचही जणांनी शनिवारी या म्हणून कळवलं होतं.

"रद्द करून टाक की," मावशी म्हणाली. "बटण कुठलं?"

"ते नाहीये."

"का?"

"पानावर गर्दी व्हायची."

साइटवर नोंदवलेली घरं मोजून बारा. त्यातल्या पाचांकडे पाठवलेला पहिलाच माणूस खोटा निघाला असता, तर सोमवारी दाखवायला काय उरलं असतं? तेव्हा पाचही ठिकाणी जायचं, खोली बघायची आणि गोड बोलून नाही म्हणायचं, असं ठरलं.

शनिवारी मावशीने ठेवणीतल्या चपला काढल्या. पहिल्या घरी शेगडी उजव्या भिंतीकडे सरकवायला सांगून तिने नकार दिला. दुसऱ्या घरी कपाट उघडून पाहिलं, मग नकार दिला. चार घरं अशी झाली. नकार मिळूनही मालक तिला दारापर्यंत पोचवायला येत होते.

पाचवं घर एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं. एक खोली त्यांनी नर्सला दिली होती, दुसरी द्यायची होती. बाईंनी मावशीची उत्तरं चक्क कागदावर छापून ठेवली होती आणि शेजारी लाल पेनने खुणा केल्या होत्या.

"रागावल्यावर मी भांडी जोरात ठेवते, असं लिहिलंय तुम्ही," बाईंनी विचारलं. "कशाने येतो राग?"

मावशी अर्धा तास बोलली. तिला रेडिओ लागतो, पण भाचा घरी काम करतो म्हणून तिने तो बंद केला. दुपारी कुणीतरी दोन शब्द बोलावं असं वाटतं, पण त्याच्या कानांवर सदा ते गोळे असतात. नर्स हसत होती, बाई मान डोलवत होत्या. भाचा ऐकत होता आणि यातलं निम्मं त्याला आज नव्याने कळत होतं.

"मग येता का एक तारखेपासून?" बाईंनी विचारलं.

भाचा नकाराची वाट बघत उभा राहिला, हातात चपलाही घेतल्या.

"चालेल," मावशी म्हणाली.

जिना उतरताना त्याने मावशीला गाठलं. "अगं, आपण नाही म्हणायला आलो होतो."

"चार ठिकाणी म्हटलं की."

"आणि मी? माझं कसं होणार?"

मावशी पायरीवर थांबली. "राजा, तुझी आई गेल्यापासून नऊ वर्षं तुझ्याकडे आहे मी. या नऊ वर्षांत तू मला एकच प्रश्न विचारलास, जेवायला काय आहे. त्या तुझ्या साइटने पाच मिनिटांत वीस विचारले."

भाच्याला वाईट वाटलं, आणि ते लपवणंही त्याला जमलं नाही.

सोमवारी साइट खुली झाली. साइटच्या मालकाचा फोन आला : उद्‌घाटनाआधीच एक खोली गेली, कमाल केलीस. एक तारखेला त्या कमालीची पेटी भाच्याने स्वतः दोन जिने वर वाहून नेली. घरी आल्यावर साखरेचा डबा सापडायला त्याला तीन दिवस लागले.

रविवारी तो मावशीकडे गेला. रेडिओ मोठ्याने लागला होता. तिघी बोलत होत्या, त्यालाही चहा मिळाला. निघताना त्याने उगाच घसा साफ केला.

"बाईंची खालच्या मजल्यावरचीही एक खोली पुढच्या महिन्यात रिकामी होतेय म्हणे."

"होतेय ना. कालच मी तुझा विषय काढला बाईंकडे."

"खरंच? मग काय म्हणाल्या?"

"विचारलं त्यांनी, सोबत राहायला कसा आहे भाचा?" मावशीने त्याचा कप उचलला. "आता मी खोटं कसं बोलू? पण दर रविवारी आलास तर चालेल म्हणाल्या."