कायमची विश्रांती

"गेला बिचारा!" असं म्हणून वार्ताहराने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चष्मा काढून डोळे टिपले.

वार्ताहर हे त्याचं बायकोने ठेवलेलं नाव. धंद्याने तो लिफ्ट दुरुस्त करणारा. परक्या देशात आल्यापासून रोज सकाळी शब्दकोश मांडीवर घेऊन इथला पेपर वाचायचा त्याने नेम धरला होता. ज्या गावचं पाणी प्यायचं, त्या गावची खबर नको? इमारतीत बहुतेक सगळे त्याच्यासारखेच परके. पेपर वाचणारा हा एकटा, म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी. मागच्याच आठवड्यात महापौरांना पकडल्याची बातमी त्याने जिन्यात उभं राहून सगळ्यांना दिली होती. महापौरांनी तळ्यात मोठा मासा पकडला होता, हे मागाहून कळलं.

"कोण गेलं?" बायकोने आतून विचारलं.

"खालचा बेकरीवाला. चौकटीत फोटो आलाय. लिहिलंय, कायमची विश्रांती."

"अहो, परवाच तर पाव दिला त्याने मला. चांगला ठणठणीत होता. आधी कुणाला तरी विचारा."

"छापून आल्यावर विचारायचं काय? खिडकीतून बघ, शटरसुद्धा खाली आहे."

शटर खरंच खाली होतं. मग बायकोलाही पटलं.

वार्ताहराने तळमजल्यावरच्या शिंप्याला सांगितलं, शिंप्याने वरच्या संगीत मास्तरांना. चहा गार व्हायच्या आत अख्खी इमारत जिन्यात जमली. शिंप्याने पांढरी फुलं आणली, मास्तरांनी व्हायोलिन घेतलं. दोन शब्द कोण बोलणार? अर्थातच वार्ताहर. त्याने शब्दकोशातून एक वाक्य जुळवलं आणि घोकत घोकत बेकरीमागचं दार वाजवलं.

दार बेकरीवाल्याच्या बायकोने उघडलं. एवढी फुलं बघून तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई! तुम्हाला कळलं?"

"पेपर वाचला," वार्ताहर मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. "फार वाईट. आता तुमचं कसं होणार?"

"माझं काय व्हायचंय? मी तर सुटले! कधीची वाट बघत होते या दिवसाची."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांनी व्हायोलिन हळूच खाली घेतलं.

"कोण आलंय गं?" म्हणत आतून बेकरीवाला बाहेर आला. अर्ध्या गालावर दाढीचा फेस.

शिंप्याच्या हातातली फुलं गळून पडली. वार्ताहराची तर दातखीळच बसायची, पण घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं, ते आपसूक बाहेर पडलं.

"आम्ही तुम्हाला कधीही विसरणार नाही!"

बेकरीवाला मटकन खाली बसला. तो ज्यावर बसला ती बांधून ठेवलेली सुटकेस होती, हे तेव्हा वार्ताहराच्या लक्षात आलं. आणि पेपरातल्या विश्रांतीचा अर्थही. माणूस मेला नव्हता, निवृत्त झाला होता!

"उभा जन्म भट्टीपुढे गेला," बेकरीवाला फेसासकट डोळे पुसत म्हणाला. "वाटलं, आपण गेलो तर कुणाला काय त्याचं? आणि ही परकी माणसं फुलं घेऊन येतात! नाही, मी कुठे जात नाही. उद्या भट्टी पेटणार!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी घाईघाईने एक आनंदी धून धरली. टाळ्या वाजवत नव्हती ती फक्त बेकरीवाल्याची बायको. समुद्रकाठी बहिणीच्या शेजारी तिने घर घेऊन ठेवलं होतं. तिने त्या सुटकेसकडे पाहिलं, मग सावकाश मान वळवून वार्ताहराकडे.

दुसऱ्या दिवशी वार्ताहर बायकोला घेऊन ऐटीत पाव आणायला गेला. गल्ल्यावर तीच बाई होती. पुढच्या गिऱ्हाइकांना तिने गरम गरम पाव दिले. वार्ताहराची पाळी आली तेव्हा आत गेली आणि कोळशासारखा एक पाव आणून त्याच्यासमोर आपटला. मग एका दमात बरंच काही बोलली. वार्ताहर मान डोलावत हसत राहिला.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "काय गं म्हणाली? फार भरभर बोलतात हे लोक."

बाजारात घासाघीस करून करून बायको ही भाषा केव्हाच शिकली होती. तिने तो काळा पाव पिशवीत टाकला.

"काही नाही," ती म्हणाली, "उद्यापासून पाव मीच आणत जाईन."