पत्रिकेत कोणाचं नाव?

पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि दुपारच्या सामसूम घरात डब्याचं झाकण खणखणलं. चार वर्षांची चिमी नुकतीच झोपली होती. सरितानं झडप घालून फोन उचलला. मावसभावाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली होती.

"कोणाचं लग्न हाय?" सासूबाईंनी पडल्यापडल्या विचारलं.

"उघडल्याबिगर कसं कळंल? फोन म्हणून राहिला, फाईल धोक्याची हाय."

"पत्रिका काहून धोक्याची राहील? उघड. निमंत्रकांत आपल्या वैजनाथचं नाव टाकलं का बघ. मागच्या बारीला गाळलं होतं."

मानाचा प्रश्न आल्यावर सरितानं पुढं वाचलंच नाही. फोननं मेसेज मागितले, सगळ्यांचे नंबर मागितले; तिनं जे मागितलं ते देऊन टाकलं. पत्रिका उघडली नाही. फोन मात्र तव्यासारखा तापला.

घटकाभरानं जवळा बाजार गावच्या चुलत सासूबाईंचा फोन आला. "प्रतिक्षाचं जमलं, अन् आमाला पत्रिकेवरून कळावं? त्याच्यात आमचं नाव तरी हाय का? उघडूनच न्हाई राहिली."

सरितानं मेसेज चाळले. 'लग्नाला नक्की या' म्हणत तीच फाईल तिच्या नावानं साऱ्या सोयऱ्यांना गेली होती. हट्टा गावच्या संतरामरावांनासुद्धा. त्यांचा मुलगा परवाच नणंदेला, प्रतिक्षाला, पाहून गेला होता. तेव्हापासून पोरगी भाकरी थापतानाही गुणगुणत होती. आज त्यांचा होकार यायचा होता.

तिनं हिंगोलीला कामावर असलेल्या नवऱ्याला सासूबाईंच्या फोनवरून गाठलं.

"व्हायरस हाय त्यो," वैजनाथ म्हणाला. "तुझा फोन बंद कर, बँकेला कळव. अन् कोणी उघडू नका म्हणून सांग."

"आधीच सांगितलं. तर जास्तच उघडून राहिले. आमचं नाव गाळलं म्हणून लपवता, म्हणतेत."

तेवढ्यात संतरामरावांचा फोन सासूबाईंच्या नंबरवर आला. सरितानंच घेतला.

"सूनबाई, पोरगी दुसरीकडं दिली तर तोंडानं सांगायचं की. पत्रिका धाडायची?"

"मामा, ती पत्रिका न्हाई, व्हायरस हाय. तुमी उघडली तर न्हाई ना?"

"नवरदेव कोण ते बघाया घरातल्या समद्या फोनवर उघडली."

दारात उभ्या प्रतिक्षाचा चेहरा पांढराफटक पडला.

दिवेलागणीला त्यांचा पुन्हा फोन आला. आवाज पार उतरला होता. "आमच्याही समद्या भावकीत गेली हो. परवा पाहिलेल्या पोरीशीच जमलं समजून परभणीची बहीण लुगडं घेऊन बसली. भाऊ मांडववाल्याशी बोलून आला. आमचं अजून ठरत नव्हतं, पण आता न्हाई म्हणाया तोंड कुठं राहिलं? होकारच समजा."

सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. प्रतिक्षा आत पळाली. सरिताला हसावं की रडावं ते कळेना.

चिमी तिच्या मांडीवर येऊन बसली. तिनं विचारलं, "आई, आता आत्याची खरी पत्रिका पाठवली, तर ती कोण उघडंल गं?"