साटमकाका आणि आभाळातले दगड

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत कुणी नवीन राहायला आलं, की साटमकाका त्याचं आडनाव नंतर विचारतात. आधी विचारतात, गावाकडे एखादा काळा, जड दगड आहे का.

काका एका कारखान्यात धातू तपासायचे. निवृत्त झाल्यावर माणसं गावी जातात, काका आकाशात गेले. उल्कांचे दगड ओळखायचे आणि रासायनिक घडणीवरून त्यांचे वर्ग लावायचे, हा त्यांचा उद्योग. वर्ग तीन: दगडी, लोखंडी आणि मिश्र. पोटवर्ग किती, हे मी एकदा भाजीला जाताना विचारलं. त्या दिवशी घरी नुसती आमटी झाली.

माणसांनाही ते हेच वर्ग लावतात. चाळीचे सेक्रेटरी लोखंडी. मी दगडी, "त्यातही धातू कमी," असं त्यांनी माझ्या बायकोसमोर सांगितलं. तिने मान डोलावली.

लालबाग-परळहून लोक पिशवीतून दगड आणतात. काका लोहचुंबक लावतात, कानशीने कोपरा घासतात, मग औषधात भिजवलेला कापूस फिरवतात. कापूस गुलाबी झाला तर निकेल आहे, म्हणजे आभाळाची आशा. नाही झाला तर म्हणतात, "निकेल तोंड बघून बोलत नाही. लोणच्याच्या बरणीवर ठेवा." इतक्या वर्षांत कापूस एकदाच गुलाबी झाला. दगड दुसऱ्याचा, पण पेढे काकांनी वाटले. कुणाचंही मन राखायला त्यांनी वर्ग बदललेला नाही, याचं मला फार कौतुक आहे.

परवा मी तिथे असताना खालच्या परबआजी देव्हाऱ्यातला दगड घेऊन आल्या, हळदकुंकवासकट. त्या आता मुलाच्या नव्या घरी जायच्या होत्या.

"सून विचारता, ह्यो धोंडो कशाक व्हयो? आमच्या ह्यांनी लग्नाच्या वर्साक आणून दिल्यानी. आभाळातसून पडलो, म्हणाले. तुमी तसो कागद लिवन द्या."

कापूस पांढराच राहिला. मी काकांना डोळ्यांनी खुणावलं. उपयोग शून्य.

"आजी, हा आकाशातला नाही."

आजींचा चेहरा उतरला. काकांनी भिंग लावलं, दगड फिरवून फिरवून पाहिला. "हा कोळशाच्या राखेचा वितळून गोठलेला गोळा आहे. बॉयलरमधला. परब गिरणीत कुठल्या खात्यात होते?"

"बॉयलर खात्यात," आजी म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत राहिल्या. "आयुष्यभर फसवल्यानी माका. आता ह्येका सोडून मी खंयच जावचंय नाय."

काकांनी कागदावर लिहिलं: 'वर्ग: गिरणीचा. जपून ठेवावा.' खाली सही केली.

आजी गेल्यावर काका भिंग पुसत बसले. काकू जाऊन तीन वर्षं झाली. काका त्यांच्याविषयी कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"हिने एकदा रत्नागिरीला किनाऱ्यावर दगड उचलून दाखवला होता. म्हणाली, आभाळातला असेल ना हो? मी लांबूनच सांगितलं, साधा आहे. तिने वाळूत टाकून दिला."

"कसा होता दिसायला?" मी विचारलं.

"तेच आठवत नाही," काका म्हणाले. "मी हातात घेतलाच नाही."